वेड पांघरून पेडगावला येऊ नका

पोस्टरच्या तळाशी भाषांची यादी लिहिणाऱ्या साहेबांस,



तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण तुमचं काम मी दर वेळी बघतो. सिनेमा जपानचा असो, अमेरिकेचा असो की हैदराबादचा, पोस्टरच्या तळाशी भाषांची एक ओळ असते. हिंदी, तमिळ, तेलुगू. ती मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि तिच्यात मराठी नसते. फुटबॉलचा विश्वचषक आला की समालोचनाच्या भाषांची अशीच यादी निघते. ही यादी आभाळातून पडत नाही. कुणीतरी माणूस बसून ती करतो आणि मराठीपाशी आला की पेन उचलतो. तो माणूस तुम्ही आहात, आणि माझ्या लेखी तुम्ही गुन्हेगार आहात.

मी पेडगावचा. परभणी जिल्ह्यातलं, मनमाड-सिकंदराबाद लाइनवर परभणी आणि मानवत रोडच्या मधलं हे गाव. म्हणीतलं पेडगाव निराळं. ते श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी, बहादूरगडाजवळ. म्हण मात्र तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे. ‘महाराष्ट्रात सगळ्यांना हिंदी कळते’ हे एक वाक्य पांघरून तुम्ही वर्षानुवर्षं पेडगावला निघालेले आहात, आणि आमच्या पेडगावात काय चाललंय ते एकदाही बघितलेलं नाही. म्हणून सांगतो.

२३ नोव्हेंबर २०२२, संध्याकाळचे साडेसहा. जर्मनी विरुद्ध जपान. घरात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग, ढिगाला टेकवलेला माझा मोबाइल आणि समोर मी, चुलत्याची दोन पोरं आणि आजी. आम्ही तिघं जपानकडून, कारण ‘ब्लू लॉक’ ही फुटबॉलवरची जपानी ॲनिमे मालिका त्याच ऑक्टोबरात सुरू झाली होती आणि ती पोरांच्या अंगात भिनली होती. आजी जर्मनीकडून. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच तिचा जन्म गेला. जर्मनीला सोडायचं म्हणजे परभणीला सोडायचं, असा तिचा हिशोब.

समालोचन हिंदीत. आजी घडोघडी विचारायची, “काय म्हनायलाय रे ह्यो?” मी सांगायचो. गुंडोगानने पेनल्टीवर गोल मारला, तो तिला कळला. त्याला भाषा लागत नाही. पण मध्यंतराच्या तोंडावर हॅवर्ट्झने मारलेला गोल पंचांनी काढून घेतला आणि आजी उखडली. मी म्हणालो, “आजी, गोलकीपर सोडून समोरच्यांचा जो शेवटचा गडी राखणीला उभा असतो ना, पास निघायच्या आधीच त्याच्या पुढं जाऊन थांबायचं नसतं.” ती क्षणभर थांबली. म्हणाली, “म्हंजी वाढपी यायच्या आधीच ताट घिऊन पुढं सरकल्यावानी.” ऑफसाइडचा नियम इतका नेमका मी तरी कुठे ऐकलेला नाही. साहेब, असं वाक्य त्या मोबाइलमधून यायला हवं होतं. नंतर ७५ व्या मिनिटाला डोआन, ८३ व्या मिनिटाला असानो, आणि जर्मनी २-१ अशी हरली. आजी उठता उठता म्हणाली, “हरू दे. परभनी हाये की अजून.”

त्या दिवशी पूर्ण नव्वद मिनिटं तुमचं काम मी केलं. अर्धा सामना माझ्याही हातून निसटला.

त्या विश्वचषकाला मोबाइलवर इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि मल्याळम समालोचन होतं. २०११ च्या जनगणनेत मल्याळम मातृभाषा सांगणारे साधारण साडेतीन कोटी, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. मल्याळी माणसाला त्याच्या भाषेत फुटबॉल मिळाला याचा मला आनंदच आहे. केरळ त्या खेळावर जीव टाकतं. पण कोल्हापूर तुम्ही कधी ऐकलंच नाही का? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ सामना असला की अर्धं शहर कामधंदा बाजूला ठेवतं. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा. मराठीत खेळ बोलता येत नाही म्हणाल, तर बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत बोलून पिढ्या घडवल्या. २०२३ च्या आयपीएलमध्ये मोबाइलवर बारा भाषा होत्या आणि त्यांत मराठी होती. म्हणजे क्रिकेटला माणसं मिळतात, माइक मिळतो, पैसाही मिळतो. फुटबॉलपाशी आलं की यातलं काहीच मिळत नाही?

आता बाहेरून येणाऱ्या सिनेमा-मालिकांकडे येतो, त्यातही जपानच्या, कारण खरा राग तिथला आहे.

१९८९ ची जपानी ‘जंगल बुक’ मालिका दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. जपानी कार्टूनमधला निंजा हातोडी हिंदी बोलायला लागला तो मेघना एरंडेंच्या गळ्यातून. तेलुगू सिनेमातल्या पुष्पाचा हिंदीतला आवाज श्रेयस तळपदेंचा. आवाज मराठी माणसांचे आणि भाषा दुसरी. ‘पुष्पा २’ तर बंगालीतही आला, मराठीत नाही. रेकॉर्डिंगचा स्टुडिओ मुंबईत, कलाकार मराठी, प्रेक्षक मराठी. यात महाग काय पडतं, ते मला समजावून सांगा. ‘बाहुबली’ २०२१ मध्ये टीव्हीवर मराठीत आला, प्रभासला गश्मीर महाजनीने आवाज दिला आणि तो आवाज प्रभासला शोभला. करून दाखवलेली गोष्ट आहे ही.

युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ जानेवारी २०२५ मध्ये देशभर पुन्हा लागला. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. ज्या गावात रामायण वर्षानुवर्षं कीर्तनातून मराठीत ऐकलं जातं, तिथल्या आजीला ते दाखवायचं तर पुन्हा मीच दुभाषा. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा आला, तेव्हाही यादी तशीच. त्यातल्या नायकाचं, तंजिरोचं, बहिणीसाठी रडणं कळायला भाषा लागत नाही, असं म्हणणाऱ्याने आधी चौथीतल्या पोराशेजारी बसून बघावं. ते पोर चित्र बघतं आणि अर्धी गोष्ट मनाने रचतं.

स्वतःच्या भाषेने काय होतं, त्याचं उत्तर जपानी ॲनिमेनेच दिलेलं आहे. योइची ताकाहाशींची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलवरची चित्रकथा १९८१ ला सुरू झाली. तिची मालिका स्पेनमध्ये गेली आणि तिचा नायक ऑलिव्हर झाला. अरबी मुलखात तो कॅप्टन माजिद झाला. नाव बदललं, भाषा बदलली आणि तो त्या त्या गल्लीतला पोरगा होऊन बसला. स्पेनच्या फर्नांडो टोरेसने स्वतःच सांगितलंय की लहानपणी ही मालिका बघून तो फुटबॉलमागे लागला. २००८ च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. त्याच्या घरातला टीव्ही परक्या भाषेत बोलला असता, तर तो मालिकेपुढे बसला तरी असता का, कोण जाणे.

आणि मराठी माणसाला ॲनिमेशन नवं आहे असं समजू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. जपानी थिएटरांत त्यांची स्वतःची पहिली ॲनिमेशनं १९१७ मध्ये लागली.

नागराज मंजुळेंनी फुटबॉलवरचा ‘झुंड’ हिंदीत केला, ते मला पटलं. नागपूरच्या ज्या वस्तीत तो घडतो, तिथली पोरं तशीच बोलतात. भाषा माणसांवरून ठरवावी, ती तिथे ठरली. तुम्ही ती माणसं न बघता ठरवता.

मागणं मोठं नाही. पूर्ण आवाज परवडत नसेल, तर पडद्याखाली मराठी अक्षरं द्या. पोरांना वाचता येतं, ती आजीला वाचून दाखवतील. विश्वचषकाला दोन माणसं आणि एक माइक द्या. कोल्हापुरात माणसं मिळतील. आणि पुढची यादी लिहायला बसण्याआधी एक दिवस परभणीहून गाडी पकडून पेडगावला उतरा. सामना असेल त्या संध्याकाळी या. आजीशेजारी बसा, आणि ती “काय म्हनायलाय रे ह्यो?” म्हणाली की उत्तर तुम्ही द्या.

आपला,
पेडगावचा एक प्रेक्षक