मा. प्रेशरसाहेब यांस

प्रति,
मा. प्रेशरसाहेब,
मुक्काम : वर (नक्की कुठे, ते कोणीच सांगत नाही)

विषय : आपल्या असण्याबाबत आणि नसण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि. आपलं घराणं मोठं. हवेचा असतो तो दाब, मोर्चाचा असतो तो दबाव आणि साहेबांवर येतं ते प्रेशर. एसटीत ऐन घाटात पोटात उठतं तेही प्रेशरच, पण त्यावर जास्त लिहीत नाही. त्या वेळी निदान कंडक्टर माणुसकी दाखवून बेल मारतो.

आपल्या बाकीच्या भाऊबंदांबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते मोजून घेतात. पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगासुद्धा आधी विचारतो, "पुढं किती, मागं किती?" आणि भरून झाल्यावर आकडा दाखवतो. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, फुगा दाबतात आणि वरचा किती, खालचा किती ते कागदावर लिहून देतात. हा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोचीनं १८९६ साली आणला. पुढे १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हनं नळी कानाला लावून ठोके ऐकायची युक्ती काढली, तेव्हापासून खालचा आकडाही नीट कळू लागला. काही जणांचा आकडा नुसता पांढरा कोट बघून चढतो, तर वैद्यकानं त्या प्रकारालाही नाव देऊन ठेवलंय. फार काय, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग वादळ हाही कमी दाबाचाच उद्योग. तेसुद्धा कुठून येणार, किती वेगानं येणार हे आधी कळवून आलं.

घरातला कुकर तर सभ्यपणाचा कळसच. आत पारा १२०च्या आसपास गेला की शिट्टी देतो. शिट्टी चोंदलीच तर झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. सतराव्या शतकात दनी पापँनं कुकरचा पूर्वज बनवला, त्यालासुद्धा अशी झडप बसवावी लागली होती. वाफ कोंडायची तर तिला वाट ठेवावी लागते, हे त्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलं.

आता आपल्याविषयी.

आमच्या सोसायटीमागच्या नाल्यावर कोणीतरी पत्र्याची शेड ठोकली. पहिल्या पावसात नाल्याचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं. आम्ही अर्ज केला, इंजिनिअर येऊन टेप लावून गेले, पंचनामा झाला, नोटीस निघाली. सगळं इतकं रीतसर चाललं होतं की आम्हाला धास्तीच वाटायला लागली. मग फाइल आमच्या वॉर्डाच्या ऑफिसात पहिल्या मजल्यावर गेली. आम्ही चौघं भेटायला गेलो. साहेबांनी फाइल उघडली, पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं, पेन टोपणात घातलं आणि छताकडे बघून म्हणाले, "काय आहे ना, वरून प्रेशर आहे."

मीही वर पाहिलं. पंखा होता. बंद होता.

"कोणाचं?" आमच्या सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

"आता काका, तुम्ही जाणते आहात."

काका जाणते असल्यानं गप्प बसले आणि आम्ही चहा घेऊन परत आलो.

साहेब, पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी आपल्याविषयी एक नियम सांगून ठेवलाय, शाळेत आम्ही तो घोकला होता. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. सरकारी कचेरीचा द्रव वेगळा दिसतो. तिथे आपण फक्त खाली उतरता. वरच्याकडून साहेबांवर, साहेबांकडून इंजिनिअरवर, त्यांच्याकडून मुकादमावर आणि तिथून आमच्या पार्किंगमध्ये. उलट दिशेला तर नियमानंच बंदी. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यानं आपल्या नोकरीच्या कामासाठी वरिष्ठांवर राजकीय वजन आणायचं नाही. वजन वरून खाली टाकलं तर काय, याचा नियम मला अजून कोणी दाखवलेला नाही.

शाळेतलाच एक प्रयोग या निमित्तानं आठवला. रॉकेलच्या डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफ झाली की बूच घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. आतल्या वाफेचं पाणी होतं, डबा रिकामा पडतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं कडकड करत सगळ्या बाजूंनी चेपतो. तीच हवा आमच्याही अंगावर असते, दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो. आम्ही चेपत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. वरून नक्की काय आलं हे साहेबांनी सांगितलं नाही. आत काय नव्हतं याचा अंदाज मात्र डब्यावरून आला.

बरं, आपल्याला शिट्टी नाही, झडप नाही, काटा नाही आणि सहीही नाही. फाइलच्या एकाही पानावर 'प्रेशर आल्याने कारवाई थांबवली' असं लिहिलेलं नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं, की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर कामं करू नयेत, जे काय असेल ते नोंदवून घ्यावं. आपण हुशार. सूचना देतच नाही, नुसतं असता.

हे सगळं आम्ही सोसलंही असतं. पण त्याच दिवशी उतरता उतरता तळमजल्यावर पाण्याच्या विभागात डोकावलो. तिसऱ्या मजल्यावर सकाळी नळ सोडला की आधी फुस्स, मग खाकरल्यासारखा आवाज आणि करंगळीएवढी धार, अशी आमची जुनी तक्रार. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "लाइनला प्रेशर नाही."

म्हणजे एकाच इमारतीत, वरच्या मजल्यावर प्रेशर आहे म्हणून काम होत नाही आणि खालच्या मजल्यावर प्रेशर नाही म्हणून होत नाही.

मी हिशोब केला. १० मीटर पाणी चढवायला दर चौरस सेंटीमीटरला १ किलो दाब लागतो. कुकरमध्ये वरणभात शिजताना असतो, जवळजवळ तेवढाच. पाइपात एवढे जरी आपण आलात, तरी तिसऱ्या मजल्यावर पाणी जेमतेम चढेल आणि नळाला थेट मोटर लावणाऱ्या शेजाऱ्यांवरचा माझा रागही निवळेल.

तरी आपण पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर बदली मागून घ्यावी, ही नम्र विनंती. पाणी सकाळी साडेसहाला सोडतात. बदलीसाठी वरून कोणाचं प्रेशर आणावं लागत असेल, तर तेही कळवावं.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा एक करदाता

ता. क. : उत्तर लेखी द्यावं.