समरकंद आणि खरड छाटणी

बायकोला डोंगर हवे होते, मला जुनी शहरं हवी होती आणि दोघांचेही पासपोर्ट पुढच्या वर्षी संपत होते. गेल्या नऊ वर्षांत ते एकदाच घराबाहेर पडले होते, तेही बँकेत केवायसीसाठी. तेव्हा आता कुठेतरी जायचंच, असं ठरलं. रजा सात दिवसांची. मी चार रात्री नकाशात डोकं घालून दोघांचंही भागेल असा देश शोधून काढला, उझबेकिस्तान. समरकंद, बुखारा, खिवा माझ्या वाट्याला, चिमगानचे डोंगर तिच्या. दिल्लीहून ताश्कंद विमानानं जेमतेम तीन तासांवर. तेवढ्या वेळात नाशिकहून निघालेल्या एसटीला पुणं दिसत नाही. घड्याळही आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, म्हणजे आत्याच्या बीपीच्या गोळीची वेळही चुकणार नव्हती.

हो, आत्या. आमच्याकडे ‘आम्ही जरा जाऊन येतो’ असं म्हटलं की ऐकणारा चपला शोधायला लागतो. महिनाभरात आम्ही दोघांचे सहा झालो. नववीतली मुलगी, दापोलीची आत्या, माझे सासरे म्हणजे पिंपळगावचे मामा आणि यवतमाळचे साडू. मेहुणी म्हणाली, “यांना घेऊन जा, मी घरी राहते. मलाही सुट्टी हवीच आहे.”

आत्याचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. “समुद्र कुठल्या अंगाला?”

आता आली पंचाईत. उझबेकिस्तानला महासागराचा किनारा नाही. त्याच्या एकाही शेजाऱ्याला नाही. दोन देश ओलांडल्याशिवाय समुद्र गाठता येत नाही असे देश जगात दोनच, दुसरा चिमुकला लिश्टेनस्टाइन. मी हे अभिमानानं सांगितलं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला पाण्याशिवाय सोलकढी दिली होती.

“एक होता,” मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. “अरल समुद्र. तो आटला.”

मग सांगणं आलं. अमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांचं पाणी 1960 नंतर कापसाच्या शेतीसाठी वळवलं गेलं आणि एवढा मोठा अरल मागे मागे सरत गेला. मुयनाक हे एके काळचं मासेमारीचं बंदर. आता तिथे वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत आणि लोक मुद्दाम त्या बघायला जातात. साडूंचा जन्म जिनिंग फॅक्टरीच्या आवारात गेलेला. ते शांतपणे म्हणाले, “कापसानं शेतकरी बुडतो हे ठाऊक होतं. समुद्र आटतो हे नवीन.” आत्या बराच वेळ काही बोलली नाही. तिला हर्णैच्या बोटी आठवल्या असाव्यात. शेवटी म्हणाली, “ओहोटीला आमच्या बोटी पण वाळूत बसतात हो. पण आमच्याकडे निदान भरती तरी येते.”

मुयनाक रद्द झालं. तसंही ते देशाच्या पार पश्चिमेला, आणि या देशाची गोची नकाशात दिसते तीच आहे. तो आडवा पसरलेला आहे. डोंगर ताश्कंदच्या पूर्वेला, खिवा पश्चिमेला हजारेक किलोमीटरवर आणि मधे किझिलकुमचं वाळवंट. ताश्कंद ते समरकंद अफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी आहे, दोन तासांत पोचवते, तिची तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात. मला रात्री अकरा वाजता उझबेक रेल्वेचं वेळापत्रक पाठ करताना बघून बायको म्हणाली, “अहो, एवढ्या वेळात जाऊन आला असता.”

तिचं म्हणणं साधं होतं. सगळे घुमट निळे आणि सगळ्या कमानी सारख्या. याउलट थोरला चिमगान 3,309 मीटर. “कळसूबाई 1,646,” ती म्हणाली. “दुप्पट करून बघा, वर थोडं उरतं.” बाई गणिताची शिक्षिका आहे, तिच्याशी आकड्यांत बोलू नये. शिवाय तिकडच्या उतारांवर रानात ट्युलिप फुलतात. ते बघायला लोक हॉलंडला जातात, पण रानटी ट्युलिपचं मूळ घर हेच मध्य आशियातले डोंगर. मी रेगिस्तान चौकातल्या शेर-दोर मदरशाची गोष्ट पुढे केली. नाव सिंहाचं, पण दारावरच्या चित्रात अंगभर पट्टे असलेला वाघ आणि त्याच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य! बायको म्हणाली, “म्हणजे ठराव एक आणि काम दुसरंच. आपल्या सोसायटीत बघतोच की.”

मामांचा विरोध तात्त्विक होता. “तैमूरानं दिल्ली लुटली. त्याच्या गावात जाऊन आपण पैसे खर्चायचे?” या मुद्द्याला उत्तर नव्हतं, पण सुदैवानं इतिहास माझ्या बाजूनं होता. 1398 ची दिल्लीची लूट आटोपल्यावर तैमूरानं समरकंदला बीबी खानम मशीद बांधायला घेतली, आणि तिचे दगड ओढायला इथून नेलेले हत्ती लावले. बांधकाम इतकं मोठं आणि इतकं घाईचं, की थोड्याच काळात ते ढासळू लागलं. “म्हणजे हत्ती आपले,” मामा विचारात पडले. “मग काम बघून यायला हरकत नाही.” ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आहे, 11 जानेवारी 1966 ला ते तिथेच गेले, हेही मी सांगितलं. मामांनी टोपी काढून हातात धरली. “मग तर जायलाच पाहिजे.”

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला बाबर आठवला. बाबर मूळचा अंदिजानचा, म्हणजे याच मातीतला. चौदा वर्षांच्या वयात त्यानं समरकंद घेतलं आणि शंभर दिवसांत घालवलं. पुढे हिंदुस्थान जिंकला, पण इथे येऊन त्यानं आत्मचरित्रात काय लिहावं? इथे चांगली द्राक्षं नाहीत, चांगली खरबुजं नाहीत, बर्फ नाही.

“द्राक्षं नाहीत?” मामा उठून उभे राहिले. “तो नाशकाला आला व्हता का?”

मामांची पिंपळगावला चार एकर बाग. त्यांच्यापुढे द्राक्षाला नावं ठेवणं म्हणजे लग्नात व्याह्याच्या जेवणाला नावं ठेवणं. मी घाईघाईनं सांगितलं, की पुढे बाबरानं आग्र्याला स्वतः द्राक्षवेल लावले आणि त्याला बरी द्राक्षं मिळालीही. मामा शांत झाले नाहीत. पण मुलीनं मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं आणि चित्र पालटलं. आपलं काळं शरद सीडलेस ज्या किशमिश चोर्नी वाणातून निवडलं गेलं, तो वाण तिकडून आलेला. आपलं थॉमसन म्हणजेही तिकडची पांढरी किशमिशच. मामांनी हे ऐकलं आणि खुर्चीवर बसले. “म्हणजे माझ्या बागेचं आजोळ हाये ते.”

त्या दिवसापासून या सहलीचे मालक मामा झाले. मला वाटलं, सुटलो. वास्तविक अडकलो होतो.

उझबेकिस्तानात जायला चांगले महिने कोणते? एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सगळीकडे हेच लिहिलेलं. आता द्राक्षबागेचं पंचांग बघा. एप्रिलात खरड छाटणी. तीत काडी घडते, ती चुकली तर पुढचं अख्खं वर्ष गेलं. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्या आधी महिनाभर तयारी. जानेवारीपासून काढणी, मार्चपर्यंत व्यापाऱ्यांशी हुज्जत. मामा मोकळे असतात ते फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, तेही आभाळ भरून आलं की फवारणीचा पंप पाठीवर घेऊन. “जावईबापू, ऑगस्टच बरा,” ते म्हणाले. “त्यांचा द्राक्षाचा हंगाम बी तेव्हाच. बेदाणा कसा सुकवतात ते तासगावशी ताडून बघता येईल.”

ऑगस्ट! तिकडच्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात भाजणाऱ्या चाळीस दिवसांना चिल्ला म्हणतात. पंचवीस जून ते पाच ऑगस्ट. पारा चाळिशीच्या पुढे. मी हे मोठ्यानं वाचलं. साडू म्हणाले, “यवतमाळात याला मार्च म्हणतात.”

पण उन्हात शहरं बघवत नाहीत, हे बायकोनं बरोबर टिपलं. कार्यक्रम नव्यानं आखला गेला आणि तिच्या डोंगरांना एकाचे तीन दिवस मिळाले. ट्युलिप मात्र ऑगस्टमध्ये नसतात, हे मी मुद्दाम सांगितलं नाही, ते तिला ठाऊक होतं. खिवा गळलं. खिव्यात कल्टा मिनोर नावाचा रुंद, निळा, अर्धवट मिनार आहे. 1855 मध्ये खान गेला आणि काम थांबलं. कल्टा म्हणजे आखूड. नावाचा अर्थ मला आता नीट कळला.

उरलेल्या अडचणी किरकोळ. मुलीच्या शाळेच्या रजेच्या अर्जात तिनं स्वतःच कारण लिहिलं, उलुगबेगच्या वेधशाळेचा अभ्यास. उलुगबेग तैमूरचा नातू. राज्य सांभाळायचं सोडून 1,018 ताऱ्यांच्या जागा मोजल्या आणि 1449 मध्ये मुलाच्या हुकमावरून मारला गेला. शेवटचं वाक्य तिनं अर्जात घातलं नाही. पैशांचं म्हणाल तर एक लाख सोम म्हणजे आपले सातशेच्या आसपास रुपये. साडूंनी हिशोबाची वही घातली आहे, पहिल्याच पानावर ‘चहा, चाळीस हजार’ अशी नोंद.

खरा घोळ निराळाच झाला. ऑगस्ट म्हणजे श्रावण. आत्या आणि साडू श्रावण कडक पाळतात आणि तिकडचा पुलाव मटणाशिवाय होत नाही. भोपळ्याचा सोमसा मिळतो, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मिळते, नान तर गाडीगाडीनं मिळतो. पण मधे सोमवार येतो, आणि तेव्हा आम्ही बुखाऱ्यात आहोत. आत्यानं बाबराच्या देशातलं खरबूज उपवासाला चालतं, असं जाहीर केलं आहे. मामांनी त्यात द्राक्षं जोडली. तरीही राजगिऱ्याचे लाडू दोन किलो सांगून ठेवले आहेत.

तिकिटं निघाली. चिल्ला पाच ऑगस्टला संपतो. आमचं विमान सहा तारखेला ताश्कंदला उतरतं.