बंदिश बिघडल्यास काय करावे

ज्या अक्षरजुळणीकाराकडे एखादे बुवा पोटाशी वही धरून येतात आणि "फार काही नाही रे, शंभरेक बंदिशी आहेत, तुझ्या कॉम्प्युटरला कितीसा वेळ लागणार!" असे म्हणून स्वतःच चहा सांगतात, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनी वाचण्यास हरकत नाही. झोप लागल्यास आम्ही जबाबदार नाही.

स्वरलिपीत शिरणारे दोष तीन प्रकारचे: यंत्रदोष, मनुष्यदोष आणि बुवादोष. पैकी पहिल्या दोहोंना परिहार आहे.

काम स्वीकारण्यापूर्वी "भातखंडे की पलुस्कर?" हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. यात कोणाच्या मानापमानाचा प्रश्न नाही, टिंबाचा आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकात चढतो. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे तेच टिंब त्याला मंद्रात उतरवते. भातखंड्यांची सम म्हणजे ×, पलुस्करांची 1. भातखंड्यांचे 0 म्हणजे खाली, पलुस्करांचे 0 म्हणजे अर्धी मात्रा. एक टिंब चुकीच्या डोळ्यांनी वाचले तर गाणारा दोन सप्तके इकडचा तिकडे होतो, आणि हे कोणत्याही वयात बरे नव्हे.

आमच्या बुवांनी "भातखंडेच की!" असे ठणकावून सांगितले. वही उघडली तर टिंबे भातखंड्यांची, समेचा आकडा पलुस्करांचा, आणि लाल शाईतल्या काही खुणा दोघांच्याही नव्हत्या. त्या बुवांच्या गुरुजींच्या. अशाच एका लाल कंसाचा अर्थ विचारला तेव्हा बुवा म्हणाले, "तिथे जरा थांबायचं. पण थांबलोय असं वाटू द्यायचं नाही." या खुणेची सोय एकाही फॉन्टात नाही. मी शोधली.

आता कोमल स्वरांकडे वळू. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, हे आपण जाणताच. नवशिका काय करतो, तर "रे" निवडतो आणि वर्डमधली अंडरलाइन लावतो. पान देखणे दिसते. मग तो मजकूर ईमेलमधून, व्हॉट्सॲपवरून, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात असा प्रवास करतो, वाटेत अंडरलाइन गळून पडते, आणि घरून भैरव म्हणून निघालेली बंदिश छापखान्यात पोचेपर्यंत निखळ बिलावल झालेली असते. मथळ्यात नाव अर्थात भैरवच.

परिहार असा: रेघ सजावट म्हणून देऊ नये, अक्षर म्हणून टाइप करावी. युनिकोडमध्ये वेदपाठासाठी ज्या खुणा दिल्या आहेत त्या इथे अचूक बसतात. अक्षराखालची अनुदात्ताची रेघ, क्रमांक 0952, कोमलासाठी. डोक्यावरची उभी रेघ, क्रमांक 0951, तीव्र मध्यमासाठी. मग रे॒, ध॒, म॑ कुठेही नेऊन चिकटवा, रेघ स्वराला सोडत नाही. ऋग्वेदाची सोय ठुमरीला वापरली म्हणून अपराधी वाटून घेऊ नये.

मात्र या खुणांच्या बाबतीत संगणक फार कर्मठ आहे. मंद्र सप्तकाचे टिंब नुक्त्याने देत असाल तर आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. तार सप्तकातला कोमल रिषभ हवा असेल तर आधी अनुस्वार, मग रेघ. सोवळ्याचा हा क्रम मोडला की बऱ्याच फॉन्टांत ती खूण स्वरावर न बसता शेजारी टिंबाटिंबांच्या एका वर्तुळावर जाऊन बसते. आमच्या पहिल्या प्रुफात अशी वर्तुळे होती. बुवांनी चष्मा पुसून ती पाहिली आणि समासात शेरा लिहिला, "खाली फार झाल्या."

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातली फाइल युनिकोडमध्ये नेताना कन्व्हर्टर अक्षरे आणतो, खुणा वाटेत सांडतो. मोजून घ्याव्यात.

ऑटोकरेक्ट बंद करावे. आत्ता. हा परिच्छेद संपण्याआधी. परदेशातल्या शिष्यांसाठी बुवांना रोमन आवृत्तीही हवी असते, आणि रोमनमध्ये लहान लिपीतले एन म्हणजे कोमल निषाद, मोठ्या लिपीतले म्हणजे शुद्ध. भीमपलासीचा आरोह मंद्र कोमल निषादापासून उठतो. वर्डचा समज असा की ओळीचे पहिले अक्षर मोठे असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. तो पहिला निषाद शुद्ध करून मोकळा होतो. त्यामुळे आरोह पटदीपात सुरू होऊन भीमपलासीत संपतो. बुवांनी प्रूफ लांब धरून विचारले, "हा जोडराग कोणी बांधला?" मी म्हटले, "मायक्रोसॉफ्टने." "घराणं कुठलं?" म्हणाले.

त्याच सद्गृहस्थाचा दुसरा पराक्रम. स्वर दोन मात्रा लांबवायचा म्हणून आपण दोन आडव्या रेघा लागोपाठ देतो. वर्डला त्या गबाळ्या वाटतात, तो दोहोंची मिळून एक लांब रेघ करतो. एक मात्रा गेली. सोळा मात्रांचा तीनताल पंधरांचा झाला. पंधरा मात्रांची पंचम सवारी अस्तित्वात आहे, परंतु तिच्यात तीनतालाची बंदिश बसवण्याची ही रीत नव्हे. प्रत्येक मात्रेला वेगळा रकाना द्यावा आणि एका रकान्यात एकच रेघ टाकावी, म्हणजे जोडणार कशाला?

रकान्यांवरून आठवले. स्पेसबार दाबून दाबून सम समेखाली आणणाऱ्या माणसाला संगीत क्षेत्रात काम देऊ नये. फॉन्ट अर्ध्या पॉइंटाने बदलला की त्याच्या सगळ्या समा पळतात.

अवग्रहाच्या जागी रोमन एस टाइप करू नये. रोमन आवृत्तीत तो षड्ज असतो.

मींडेची कमान इनडिझाइनमध्ये रेघोटीने काढणाऱ्यांनी ती मजकुरात अँकर करावी. नाही केली तर वरच्या पानात एक शब्द वाढताच स्वर पुढे सरकतात आणि कमानी जिथल्या तिथे राहतात. कोऱ्या जागेवरून कोऱ्या जागेवर गेलेली मींड बुवांना दाखवली तर ते म्हणतील, "असं गायला जन्म जातो." त्यांचा राग आहे की कौतुक, हे कळणार नाही.

पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमात हे काम करू पाहणाऱ्यांना शुभेच्छा. नवव्या मात्रेपासून उठणारी बंदिश पाहून तो प्रोग्रॅम वाद्यवृंदाच्या कंडक्टरसारखा गोंधळतो. शिवाय अशा प्रोग्रॅमांचा भरवसा नाही. 1988 पासून चालत आलेला फिनाले 2024 मध्ये त्याच्या कंपनीनेच बंद केला. बुवांची वही त्याहून जुनी आहे आणि अजून उघडते. पीडीएफ काढून ठेवावी, फॉन्ट आत घालून.

मनुष्यदोषात प्रमुख मुद्रितशोधक. तार सप्तकाचे टिंब आपण अनुस्वाराने देतो. मुद्रितशोधक 1962 च्या शुद्धलेखन नियमांवर पोसलेला; उच्चार नसलेला अनुस्वार दिसला की त्याचा हात शिवशिवतो. "नीं"वरचे टिंब उडाले, "रें"वरचे उडाले, अख्खी तान एका पेन्सिलीत सप्तकभर खाली आली. "गं" तेवढा त्याने ठेवला होता, कोणाला तरी हाक मारली आहे असे समजून. स्वरलिपीची पाने त्याच्याकडे पाठवूच नयेत. प्रस्तावना पाठवावी, तिला गरज असते.

आता बुवादोष. बुवा प्रूफ वाचत नाहीत, गातात. आज गातात ते प्रुफात नसते, म्हणून प्रूफ दुरुस्त होते. पुढच्या मंगळवारी वेगळे गातात. तिसरे प्रूफ अशा रीतीने पहिल्यासारखे होते, फक्त मधे दीडशे कागद गेलेले असतात. मी त्यांचेच रेकॉर्डिंग त्यांना ऐकवून पाहिले. शांतपणे म्हणाले, "ते त्या दिवशीचं आहे."

एका गंधारावर पंचमाचा कण होता. कण मूळ स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक टाइपात द्यायचा असतो. मी आठ पॉइंटात दिला. "मोठा झाला." सहा केला. "अजून थोडा." चार पॉइंटात तो प हा प आहे की शाईचा डाग, हे ठरवायला भिंग लागले असते. बुवांनी पान तिरके धरले. "आता बरोबर. कण दिसायला नको, यायला हवा." यावर मी दहा मिनिटे चिडून होतो आणि नंतर तो चार पॉइंटांतच छापला.

भूपाच्या पानावर मात्र त्यांनी बोट ठेवले आणि म्हणाले, "अरे, हा देशकार झाला."

मी स्वर मोजून पाहिले. सा रे ग प ध. भूपालाही तेच, देशकारालाही तेच. कोमल नाही, तीव्र नाही, गळायला एक रेघसुद्धा नाही. मात्रा सोळा, टिंबे जागच्या जागी. यात चुकणार काय? बुवांनी ओळ गुणगुणली. "धैवतावर बसलाय बघ. भूपात गंधारावर बसायचं." वहीशी ताडून पाहिले तर एक रकाना सरकला होता, आणि गंधारापुढची आडवी रेघ धैवतापुढे जाऊन उभी होती. शंभर बंदिशींतली एक रेघ. हा दोष पकडणारा प्रोग्रॅम मला ठाऊक नाही. बुवांनी त्यानंतर अर्धा तास, हे आपण कसे ओळखले, ते मला सांगितले, आणि चहा पुन्हा सांगितला.

शुद्धिपत्रासाठी शेवटी दोन पाने कोरी राखण्याचा प्रघात आहे. आम्हीही राखली. बुवांनी ती पाहिली, "जागा कशाला वाया घालवायची?" म्हणाले, आणि खिशातून घडीचा कागद काढला. राग नंद, झपताल, नवी रचना. मात्रा मोजल्या. दोनदा मोजल्या. अकरा भरतात.