कुंचीतला गडी

‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत दगडाला जेवढा जीव असतो, तेवढा माणसाला नसतो, अशी तिच्या चाहत्यांचीच जुनी कुरकुर आहे. 2007 पासून मालिकेच्या निर्मात्यांनी दमास्कस, फ्लॉरेन्स, पॅरिस अशी शहरं कौलाकौलांसकट उभी केली. 2014 च्या ‘युनिटी’तलं नोत्र दाम तर असं, की खांबाला हळूच गाल टेकवावासा वाटतो. आणि त्याच खांबावरून सरसर वर जाणारा नायक आर्नो? बाप मारला गेला, मग सांभाळ करणाराही मारला गेला, आता छडा लावायचा. यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही सापडत नाही. भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखं दुःख त्याच्या अंगावर असतं: खांद्यात सैल, आणि वेळेत परत करायचं असल्यासारखं जपलेलं.

हे सगळं मला कळलं ते भाच्यामुळे. तो नांदेडचा; नीटच्या क्लाससाठी लातूरला आमच्याकडे राहतो. रविवारची टेस्ट संपली की तासभर संगणक त्याचा. मागे माझी आई, म्हणजे त्याची आजी, शेंगा फोडत बसलेली. पडद्यावर डोक्यावरून टोपी ओढलेला नायक आला, की ती विचारते, “हा कुंचीतला गडी कोण्या गावचा? कुणाचं लेकरू?” आमच्या मराठवाड्यात व्यक्तिरेखेची परीक्षा इथूनच सुरू होते. गाव, आडनाव, आजोळ, जमीन कोरडवाहू की विहिरीखालची, एवढं कळल्याशिवाय माणूस उभाच राहत नाही. आधीच्या गेम्सचा नायक एझिओ या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाला. फ्लॉरेन्सचा, ऑडितोरे घराण्यातला, बापाची पेढी. बाप आणि दोन भाऊ फासावर गेलेले. शिवाय तीन गेम्समध्ये तो आपल्यासमोर पोरकटाचा पोक्त झाला, दाढी पांढरी झाली. “चांगल्या घरचं दिसतंय,” आई म्हणाली. मनोऱ्यावरून उडी मारून तो गवतात पडतो आणि झटकून चालू लागतो, ते मात्र तिला पटलं नाही. “कडबा असता म्हंजे कळलं असतं.”

पुढे मालिका लांबली आणि उत्तरं आखूड झाली. मालिकेच्या वर्तमानकाळातल्या कथेचा नायक डेझमंड 2012 च्या गेममध्ये गेला, आणि 2013 च्या गेममध्ये त्याच्या जागी एका कंपनीतला कर्मचारी आला, ज्याला चेहरा नाही आणि नावही नाही. “नावबी ठिवलं न्हाई का कुनी?” आईने शेंग खाली ठेवून विचारलं. बारशाला बोलावणं आलं असतं तर ती गेलीही असती.

2016 मध्ये मालिका हिंदुस्थानात आली. काळ 1841, मुलूख शिखांचा, कोहिनूर हिरा, आणि नायक अरबाझ मीर. भाचा सरसावून बसला. गुरु गोविंदसिंहांनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला, त्या नांदेडचा मुलगा तो. तिथला गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवला, हे त्याला पुस्तक न उघडता ठाऊक. इथे तर त्या महाराजांची एक काल्पनिक नात, प्यारा कौर, अरबाझच्या प्रेमात! पण गेम आडव्या पट्टीत सरकणारा, नायक बोटभर, आणि प्रेम हिऱ्यामागच्या धावपळीतून उरलेल्या वेळात. हिरा मात्र लखलखीत.

आईचं अरबाझकडे लक्षच नव्हतं. ती पाहत होती एका पहारेकऱ्याकडे, अंधारात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालणाऱ्या. “ह्याचे गुडघे धरलेत,” ती म्हणाली. “रातपाळी दिसतीया. घरी कोन कोन असंल?” भाच्याने सुरा काढलेला होता. तो जरा थांबला, मग अरबाझला दाराच्या आडोशाला नेऊन त्याने पहारेकऱ्याला जाऊ दिलं. कुणाला हात न लावता, न दिसता निसटलं तर या गेममध्ये गुण जास्त मिळतात, तेव्हा त्याचंही नुकसान झालं नाही.

“आजी, त्याला घरबिर काही नाही गं. तो नुसता इकडून तिकडं चालतो.”

“नोकरी हाय तंवर असंच असतंय,” आई शेंगा फोडत म्हणाली. “तुझे आजोबा एसटीत होते, तवा दुसरं काय करायचे? लातूर-नांदेड, नांदेड-लातूर.”