अण्णांच्या वरच्या मजल्याच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त

प्रिय अण्णा,



येत्या पाडव्याला तुमच्या वरच्या मजल्याला वर्ष होईल. तुमच्या लक्षात असेल-नसेल, माझ्या आहे, कारण त्या रात्री मी जागी होते. शेजारधर्म म्हणून आधीच शुभेच्छा देऊन ठेवते. खरं तर वर येऊनच द्यायला हव्या होत्या. पण तुमचा वरचा जिना कुठल्याच नकाशात नाही, आणि नकाशात नसलेल्या जिन्यावर पाय टाकायचा मला हल्ली धीर होत नाही. नगररचना खात्यात सोळा महिने फेऱ्या मारल्या की माणसाचं असं होतं.

पत्र चारचौघांत लिहिते आहे, त्याचा राग मानू नका. तुमचा मजलाही चारचौघांतच उभा आहे.

माझी मागणी काय होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. आई चौऱ्याऐंशीची. बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते. रात्री उठावं लागलं की भिंत धरत, स्वयंपाकघरातून मागच्या मोरीकडे जाते. आमची खोली तिला द्यायची आणि आम्ही दोघांनी वर बारा बाय चौदाची एक खोली आणि संडास-बाथरूम बांधून तिकडे जायचं, एवढाच बेत. घर माझ्या वडिलांनी 1987 साली बांधलेलं, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही ट्रंकेत जपून ठेवलेलं. त्यामुळे मला वाटलं, सोपं आहे. जून 2024 मध्ये मी रीतसर अर्ज केला.

त्या दिवशी तुम्ही ओट्यावर पेपर वाचत बसला होतात. मी फाईल घेऊन निघालेली बघून म्हणालात, "परवानगी कशाला काढताय ताई? जो विचारतो तो अडकतो. आधी बांधायचं, मग बघायचं." मी हसले. एकतीस वर्षं पोस्टात काढलेली बाई मी. तिकीट न लावलेलं पाकीट आमच्याकडे नॉटपेड व्हायचं आणि घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल व्हायचे. जगही असंच चालत असणार, अशी माझी समजूत. तुम्ही तेवढ्यात पान उलटलंत. ती दया होती, हे मला नंतर कळलं.

मग माझं शिक्षण सुरू झालं. अर्ज ऑनलाइन. पण साहेबांना बघायला सोपं पडतं म्हणून तोच सगळा कागदोपत्रीही, तीन प्रतींत. मालमत्तापत्रक, मोजणीची 'क' प्रत, जुना मंजूर नकाशा, कराची थकबाकी नसल्याचा दाखला, पाणीपट्टीचा वेगळा, जुन्या पायाला वरचा भार पेलेल असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल रंगात आणि पाडायचं ते पिवळ्या रेघांत दाखवायचं असतं, हेही शिकले. माझी खोली गेले सोळा महिने लाल रंगात आहे. देखणी दिसते.

कायदा माझ्या बाजूचा आहे, असं आर्किटेक्टने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 1966 चा नगररचना कायदा, कलम 45. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी. मी कॅलेंडरवर खुणा करू लागले. चोपन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र आलं: अंगणातलं तुळशीवृंदावन नकाशात दाखवलेलं नाही. दाखवलं. तेव्हा समजलं की त्याच कलमात पुढे आणखी एक ओळ आहे. खात्याने काही विचारलं असेल, तर अर्जदाराचं उत्तर पोचल्यापासून साठ दिवस पुन्हा नव्याने मोजायचे. म्हणजे पंचावन्न दिवसांनी एकेक शंका काढणारा कारकून भेटला, तर माणूस कायद्याच्या चौकटीत राहून म्हातारा होऊ शकतो. खात्यातल्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही बरं का. फार नम्र आहेत. प्रत्येक वेळी बसा म्हणतात.

दुसरी त्रुटी मात्र तुमची देणगी.

आमचा प्लॉट चाळीस बाय साठ, कागदावर 2400 चौरस फूट. मोजणीत जागेवर 2355 भरला. पंचेचाळीस फूट गेले कुठे? तुमची कंपाउंडची भिंत साठ फूट लांबीभर नऊ इंच आमच्यात आली आहे. नऊ इंच गुणिले साठ फूट, हिशेब जुळतो. मला वाटलं, आता तुम्हाला पत्र जाईल. पत्र मलाच आलं: "कागदोपत्री क्षेत्र व प्रत्यक्ष क्षेत्र यांत तफावत आढळते, खुलासा करावा." आणि नियम असा की दोन्हींतलं जे कमी, त्यावर चटईक्षेत्र मोजायचं. म्हणजे जमीन तुम्ही घेतलीत, खुलासा मी करायचा, आणि माझी खोली तेवढ्याने आखूड. अण्णा, इतकं नेटकं काम पोस्टातल्या अफरातफरीतही मी पाहिलं नव्हतं.

हा खुलासा मी लिहीत होते, तेव्हाच तुमच्या गच्चीवर हिरवी जाळी चढली. दसऱ्याला पूजा झाली. मी विचारलं, तर म्हणालात, "काही नाही हो, स्लॅब गळतोय, पत्र्याची शेड टाकतोय." गच्चीतून वर आलेल्या सळयांवर तुम्ही प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्यात, मला वाटायचं, कावळ्यांना भिववायला. पुढच्या मजल्याची ती रोपवाटिका आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मुहूर्त काय निवडलात! 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती, मतदान 20 नोव्हेंबरला. निम्मं खातं निवडणुकीच्या कामाला, उरलेलं दिवाळीच्या सुट्टीवर. 2 नोव्हेंबरच्या शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा आणि सलग जोडून सुट्टी, असा योग पंचांगकर्त्यांनाही सुचला नसता. रात्री साडेदहाला लिफ्टवाला मिक्सर आला. मग खडीचे घमेल्यामागून घमेले, व्हायब्रेटरची घरघर, आणि कुणीतरी सारखं ओरडत होतं, "पाणी कमी टाक रे!" आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "फटाके फार दणकट निघालेत यंदा." पहाटे चारला सगळं शांत झालं. सकाळी दारासमोर सिमेंटची रिकामी पोती पडली होती. टपालाची पोती मोजण्यात जन्म गेलेला. हात आपोआप मोजू लागला. एकशे चार. पत्र्याच्या शेडला सिमेंट बरंच लागतं म्हणायचं.

मग स्लॅबवर आळी करून तुम्ही पाणी सोडलंत. दहा दिवस ते आमच्या भिंतीवरून ओघळत होतं. तुमच्या मजल्याचं क्युरिंग आमच्याही भिंतीला लाभलं, त्याबद्दल आभार.

जानेवारीत तुम्हाला कलम 53 ची नोटीस आली. बांधकाम काढा. कुणाच्या अडचणीवर आनंद मानू नये हे मला कळतं, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी शिरा केला. तुम्ही मात्र शांत. तुमच्या माणसाने कलम 53 चं तिसरं पोटकलम वाचलेलं होतं. नोटीस मिळालेल्या माणसाने मुदतीत झालेलं बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागितली, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही. तुम्ही अर्ज केलात. ज्या माणसाने परवानगी मागायची नसते म्हणून मला शिकवलं, त्याने शेवटी मागितली. फक्त बांधून झाल्यावर.

मार्चमध्ये मी खात्यात गेले, तेव्हा आपल्या दोघांच्या फायली एकाच टेबलावर होत्या. माझी खाली, तुमची वर. मजल्यांच्या क्रमानेच म्हणा ना. दोन्हींवर एकच शेरा: प्रलंबित. मी बराच वेळ उभी राहून तो शब्द बघत होते. माझी फाईल प्रलंबित म्हणून माझी खोली उभी राहत नाही. तुमची प्रलंबित म्हणून तुमचा मजला पडत नाही. तोच शेरा, तोच शिक्का, तीच शाई. मी रोज प्रार्थना करते की फाईल हलू दे. तुम्हीही करत असाल, की हलू देऊ नको. एकाच देवाने कुणाकुणाचं ऐकायचं?

शास्तीचीही तुम्हाला फिकीर नाही. विनापरवाना बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लागू शकते, अगदी आमच्या नॉटपेडसारखी. तुम्ही म्हणालात, "पिंपरी-चिंचवडला माफ झाली की नाही? आपल्याकडेही होईल." झाली, 2023 मध्ये, खरं आहे. आमच्या खात्यात नॉटपेडचे पैसे कुणी माफ केल्याचं मला आठवत नाही, पण आमच्या खात्याला मतदार नव्हते. तारखांवरचा तुमचा विश्वासही जाणकाराचा आहे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा. त्याची हद्द 1 जानेवारी 2001 होती, ती 2021 साली 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकवली. 2017 मध्ये नगररचना कायद्यात 52-अ कलम घातलं आणि 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना प्रशमन शुल्क भरून वाट करून दिली. तुमचा मजला दोन्ही तारखांच्या नंतर जन्मला, एवढाच त्याचा दोष. वाढत्या वयाबरोबर तो दोष जाईल. माझ्या खोलीला मात्र कुठलीच तारीख लागू होत नाही, कारण ती अजून जन्मलीच नाही.

एका गोष्टीवर थट्टा जमत नाही, तेवढी सरळ सांगते. मुंब्र्याजवळ शीळला 4 एप्रिल 2013 ला एक विनापरवाना इमारत कोसळली, 74 माणसं गेली. काही महिन्यांत उभारलेली इमारत होती ती. तुमचं खालचं घर मजला चढवायच्या हिशेबाने बांधलेलं नव्हतं, हे तुमच्या वडिलांनीच माझ्या वडिलांना सांगितलेलं. माझ्या बारा बाय चौदाच्या खोलीसाठी मी इंजिनिअरला पाया उकरून दाखवला. तुमच्या नऊशे फुटांच्या स्लॅबखाली काय आहे, हे तुमचा ठेकेदारही सांगू शकत नाही. आणि तो पडलाच, तर त्याची उतरती बाजू आईच्या दिवाणाकडे आहे.

असो. आता मूळ मुद्दा. जुलैमध्ये माझ्या प्रकरणात हरकत आली. हरकतदार: तुम्ही. माझी वरची खोली झाली, तर तुमच्या दक्षिणेकडच्या खिडकीचा उजेड आणि वारा अडेल. ती खिडकी, अण्णा! जी नकाशात नाही, जी ज्या भिंतीत आहे ती भिंत नकाशात नाही, आणि जिच्यातून तुमची सून सकाळी आमच्या तुळशीवर चादर झटकते. मी 1882 चा इझमेंट कायदा काढून वाचला. उजेडाचा हक्क सांगायचा, तर वीस वर्षं बिनअडथळा उपभोग लागतो. तुमची खिडकी तेव्हा नऊ महिन्यांचीही नव्हती, तिचे दात यायचे होते. पण तुमची हरकत आवक झाली, शंका निघाली, मला पत्र आलं. तिसरी त्रुटी. साठ दिवस पुन्हा एकपासून.

हे सगळं झाल्यावर परवा तुमचा मुलगा पेढे घेऊन आला. पेढ्यांखाली पाचशेचा स्टॅम्पपेपर. तुमचा वरचा मजला नियमित करण्यास लगतची मालक म्हणून माझी कोणतीही हरकत नाही, असा मजकूर टाइप करून तयार, फक्त सहीची जागा रिकामी. "बाबा म्हणाले, शेजारच्या काकू आहेत, नाही म्हणणार नाहीत."

नाही म्हणत नाहीच. आपला अर्ज या घराच्या आवक नोंदवहीत क्रमांक एकवर नोंदला आहे. प्राथमिक छाननीत अर्ज तीन प्रतींत नसल्याचं दिसून येतं. सोबत वरच्या मजल्याचा मंजूर नकाशा जोडलेला नाही. दक्षिणेकडील खिडकीचा जन्मदाखला जोडलेला नाही. नऊ इंच गुणिले साठ फूट याचा खुलासा आवश्यक. पत्र्याच्या शेडला एकशे चार पोती सिमेंट कसे लागले, याचे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र सादर करावे. पूर्तता प्राप्त झाल्यापासून साठ दिवसांत विचार करण्यात येईल. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित समजावे. हा शब्द आपणांस मानवतोच.

पेढ्यांची पोच देते. आईने दोन खाल्ले.

तुमची शेजारीण