नव्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडणे : नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

पायरी पहिली. दुकानात जा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी ठरेपर्यंत दुकानदार अगदी समजूतदारपणे बोलेल. मग तुम्ही विचाराल, ‘‘आणि ऑपरेटिंग सिस्टीमचं काय?’’ तो कॅलक्युलेटरवरून मान न उचलता म्हणेल, ‘‘विंडोज मारून देतो ना, साहेब.’’

अशा मारून दिलेल्या विंडोजचे पैसे बिलात दिसत नाहीत, कारण ती कुणी विकत घेतलेलीच नसते. यथावकाश स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उगवतात. ती सिनेमावर येतात, बारशाच्या फोटोंवर येतात, वीजबिलावर येतात. घरच्यांना त्यांची सवय होते. पाहुणे मात्र मोठ्याने वाचून दाखवतात.

पायरी दुसरी. विंडोज घ्यायचीच तर रीतसर घ्या आणि 11च घ्या. ‘‘10 हलकी पडते’’ हा सल्ला गोड मानून नाकारावा. तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि किमान 4 जीबी रॅम लागते. ही 4 जीबीची अट कंपनीची, ज्याला दिवसभर वापरायचंय त्याने 8च्या खाली उतरू नये. होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने आणलेल्या वस्तूपुढे आधी आपली ओळख पटवायची.

पायरी तिसरी. मॅकओएस ॲपलच्याच यंत्राबरोबर येते, दुसऱ्या यंत्रावर टाकायची परवानगी नाही. मॅक घेतला असेल तर निवड झाली, हप्ते सुरू झाले. पुढे वाचू नये.

पायरी चौथी. लिनक्स. तिचा गाभा 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. ती फुकट आहे आणि चोरीची नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे वडीलधाऱ्यांना पटायला वेळ लागतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट या तिच्या अवतारांतला कोणता घ्यायचा, हे कॉलेजातल्या भाच्याला विचारू नका. पानं वाढलेली निवून जातील. गुपचूप मिंट घ्या. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवून तिथूनच कॉम्प्युटर सुरू करता येतो, आतल्या डिस्कला धक्का न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का, सगळं आधीच पाहून घ्या. पसंत पडली की ‘इन्स्टॉल’ दाबा. सगळी डिस्क पुसू का, असं ती अदबीने विचारेल. ‘हो’ म्हणण्यापूर्वी जुन्या कॉम्प्युटरवरून आणलेले लग्नाचे फोटो नेमके कुठे ठेवलेत ते आठवा, शक्यतो बायकोला न विचारता.

पायरी पाचवी (ही खरं तर दुकानात जाण्यापूर्वी करायची). घरात कोण काय करतं ते बघा. रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, मुलांचा प्रोजेक्ट यांचा इथे संबंध नाही. ते ब्राउझरमध्ये होतं आणि ब्राउझर तिन्हींवर तोच. मराठी टायपिंगही आता निमित्त उरलेलं नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो. पण बाबा सोसायटीचे हिशेब टॅलीत लिहीत असतील, तर ती विंडोजवरच बसते. आणि काकांनी आत्मचरित्राची तीनशे पानं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर काकांचं बालपण रोमन अक्षरं आणि डॉलरच्या चिन्हांत उघडेल.

अशा घरात विंडोज ठेवा, पैसे मोजून. हिशेब आणि आत्मचरित्र नसलेल्या घरात मिंट. भाचा आर्च लिनक्सचं नाव काढू लागला, तर त्याला आणखी एक पोळी वाढा.