रक्तात आहे ने!

सोसायटीची पाण्याची मोटर बंद पडली की आम्ही वायरमनला फोन करतो. जीनकाका त्याच्या वडिलांची आठवण काढतात. "त्याचा बाप तरी कुठे वेळेवर यायचा? रक्तात आहे ने!"

काका वाघोडियाच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर नटबोल्ट सुटले, मोजदाद सुटली नाही. लिमड्याच्या विद्यापीठातली पोरं चहाच्या लारीवर जमतात. काका त्यांना मस्काबन खिलवतात आणि बदल्यात आकडे घेतात. खिशातल्या डायरीत पूर्वी बेअरिंगच्या साइझ असायच्या, आता क्रोमोसोम आहेत. माणूस ४६, चिंपांझी ४८, बटाटा ४८, गाय ६०, कुत्रा ७८.

हा साठा ते कुठेही उघडतात. भाजीच्या लारीवर कांदा उचलून म्हणतात, "आपला डीएनए तीन अब्ज अक्षरांचा, याचा सोळा. पाचपट! आणि एवढं बाळगून करतो काय, तर रडवतो." मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. भाजीवाली विचारते, "काका, अढीसो के पांचसो?" काका तोवर बटाट्याकडे वळलेले असतात. "याचे ४८ आणि चिंपांझीचेही ४८. म्हणून हा झाडावर चढतो काय? नुसत्या संख्येवर जाऊ नये. आपल्या पूर्वजांचे दोन क्रोमोसोम एकमेकांना चिकटले, त्याचा आपला दोन नंबरचा झाला, म्हणून आपण ४६. आणि जीन्स म्हणशील तर आपले वीसेक हजार. भाताच्या रोपाकडे त्याहून जास्त!" शेवटी कांदे घेऊन घरी येतात, बटाटे लारीवरच राहतात. "विसरणं रक्तात आहे ने!" हे मग काकू म्हणतात.

नातेवाइकांचा जमाखर्च त्यांनी फार सोपा करून टाकलाय. पुतण्या सीए झाला, तर आपल्याकडचं. तोच ड्रायव्हिंगच्या परीक्षेत आपटला, तर आईकडचं. काकूंनी हे बरीच वर्षं ऐकून घेतलं. मग एकदा लारीवरचा एक पोरगा घरी पोहे खायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला की पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया मुलांना फक्त आईकडून मिळतात. काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. "म्हणजे या घरातल्या सगळ्या पोरांचं वीजकनेक्शन आमच्या माहेरच्या नावावर!" त्या संध्याकाळी काका झोपाळ्यावर मुकाट झोके घेत होते.

दांडिया बाजारातल्या एका मुंजीत त्यांनी पंगतीला जीभ नळीसारखी वळवायला लावली. वळणारे कोणाच्या बाजूचे, न वळणारे कोणाच्या, याची डायरीत नोंद चालली होती. बटूने वळवली, आत्याबाईंनी वळवली, भटजीबुवा प्रयत्न करता करता ठसकले. फोटोग्राफर कर्तव्यदक्ष निघाला. अल्बममध्ये अख्खं खानदान कॅमेऱ्याला जीभ दाखवत बसलेलं आहे. पुढे पोरांनी काकांना सांगितलं, की जीभ वळणं एका जीनवर ठरत नाही. हुबेहूब जुळ्यांतही कधी एकाची वळते, दुसऱ्याची नाही. काकांनी नोंद खोडली नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासणे'.

एकदा मी त्यांना त्यांच्याच डायरीत पकडायला गेलो. "काका, इथे लिहिलंय की कोणत्याही दोन माणसांचा डीएनए ९९.९ टक्के सारखा. मग आपलं घराणं वेगळं कुठे?"

"उरलेल्या ०.१ मध्ये! तीस लाख अक्षरं होतात. कमी आहेत काय?"

मग मी सयाजीरावांना मध्ये आणलं. काकांच्या देवघरात गणपतीच्या शेजारी महाराजांची तसबीर आहे. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडे दत्तक येऊन सयाजीराव झाला, तेव्हा अक्षरओळखही जेमतेम होती.

"पण रक्त गायकवाडांचंच ने!" काका म्हणाले.

"त्याच रक्ताचे दोन भाऊही सोबत आले होते. आणि सगळं रक्तातच असतं, तर महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर मुलामुलींना शाळा सक्तीची कशाला केली? कोणाच्या मुलाला अक्षर येणार ते रक्तावरच सोडलं असतं."

काका पूर्ण एक कप चहा संपेपर्यंत बोलले नाहीत. लारीवाल्याने काळजीने त्यांच्याकडे बघितलं. मग बशी ठेवत ते म्हणाले, "शाळा काढावीशी वाटणं, हे मात्र रक्तात लागतं."

हा माणूस हट्टी आहे, पण एका बाबतीत मी त्याच्या हट्टाच्या बाजूने आहे. कारखान्यात छोटाउदेपूरकडचा एक हेल्पर होता. त्याच्या मुलाला सिकलसेल. एका जीनमधलं एक अक्षर बदललेलं, तेही आई आणि बाप दोघांकडून आलेलं. पोराचे सांधे ठणकायला लागले की बापाचा रजेचा अर्ज काका लिहून द्यायचे. तेव्हापासून कोणाचं लग्न ठरतंय म्हटलं की काका पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट मागतात, एचबीए-टूचा. त्यात सिकलसेलसारखाच आईबापांकडून येणारा थॅलेसेमिया कळतो. थॅलेसेमियाचा वाहक दिसायला ठणठणीत असतो, पण नवराबायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे ते मुलीच्या मामाला, मुलाच्या आजीला, मांडववाल्यालाही समजावतात. पहिल्यांदा लोक बिघडले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," असं एका वरमाईने ठणकावलं. घराण्याबद्दल असं काकांना कोणी ऐकवण्याची ही पहिलीच वेळ. पण चार दिवसांनी तिचाच मुलगा गुपचूप लॅबमध्ये जाऊन आला.

आता रिपोर्ट आपणहून येतात. परवा तर भटजीबुवाच आले, मुंजीत ठसकले होते तेच. मुलीचं ठरत होतं. "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, काका. तुमचा एक तेवढा बघून द्या."

काकांनी चष्मा चढवला, दोन्ही रिपोर्ट ओळ न ओळ वाचले आणि म्हणाले, "खुशाल करा लग्न." भटजीबुवा सुटकेने उठले. दारापर्यंत पोहोचले, तेवढ्यात काकांनी डायरी काढलीच.

"बुवा, मुलाची जीभ वळते काय?"